मनगटावरचं ओलं कातडं

“साहेब, आज अकरा वाजता लग्न आहे आणि बोंगेका गायब आहे!”

फोनवर सामके होती. दुसरी नवरी; लग्न या दोघींचंच. बोंगेकाचा मोबाईल कालपासून बंद.

सार्जंट लुंगेलो तडक एडनडेल वस्तीत, बोंगेकाच्या घरी गेला. फाटकात तिचा थोरला भाऊ सिबोनेलो उभा. एवढ्या उकाड्यात अंगात लांब बाह्यांचा स्वेटर.

“बहीण कुठंय?”

“डर्बनला पळाली. लग्नाला घाबरली असेल.”

“घरात काही कार्य झालं?”

“बाबा गेल्यापासून इथे बकरा कापलेला नाही.”

“मागची गोल झोपडी?”

“गळते. कुलूप लावलंय.” तो हसला. “तुमचा तो भाडेकरू कसाय, सार्जंट? थेंबा ना? इतकी वर्षं झाली, अजून भाडेकरूच?”

लुंगेलोचे कान तापले. म्हणजे सगळ्या वस्तीला माहीत होतं. त्यानं नजर मागच्या झोपडीकडे वळवली. झोपडीच्या उंबऱ्याला नाक लावून कुत्रा पडला होता.

“बरं, निघतो.” त्यानं हात पुढे केला. सिबोनेलोनं हात मिळवला. बाही वर सरकली.

लुंगेलोनं हात सोडलाच नाही.

“किल्ली दे.”

“कसली किल्ली?”

“बकरा कापला नाही म्हणतोस, मग मनगटावर हे कार्यातल्या बकऱ्याच्या कातड्याचं कडं कुठनं आलं? ओलं आहे अजून, वास मारतोय. बाईवरच्या प्रेमातनं बहिणीला ‘बरी’ करायला कार्य केलंस. जिच्यासाठी बकरा कापायचा ती घरात लागतेच, नाहीतर पूर्वज ऐकत नाहीत. मग ती डर्बनला कशी? मांस रात्रभर पूर्वजांच्या गोल झोपडीत ठेवतात. म्हणून कुत्रा तिथून हलत नाहीये. स्वेटर घालण्यापेक्षा कडं कापून टाकायचंस की!”

“ते आपोआप गळेपर्यंत काढत नाहीत,” सिबोनेलो पुटपुटला. “पूर्वज कोपतात.”

कुलूप निघालं. कोपऱ्यात बोंगेका. तिच्याही मनगटावर तसलंच कडं.

“वाजले किती?” तिनं लुंगेलोला विचारलं.

“साडेदहा.”

“मग बघत काय बसलाय, साहेब? गाडी काढा!”

नोंदणी कार्यालयात सह्या झाल्या. सामके रडत हसत होती. नोंदणी करणाऱ्या बाईंनी चष्मा काढला.

“अशा लग्नांचा कायदा आल्यापासून माझ्याकडे बायका-बायका येतात हो, हातात हात घालून. पुरुष मात्र क्वचितच. कुठं दडून बसतात सगळे?”

लुंगेलोला ते कुलूप आठवलं. बोंगेकाच्या दाराला ते बाहेरून होतं; त्याच्या दाराला, आतून.

त्यानं तिथंच, सगळ्यांसमोर फोन लावला.

“थेंबा? ओळखपत्र घे आणि इकडे ये.”

“का रे? कुणी विचारलं तर काय सांगू?”

“सांग, तारीख घ्यायला चाललोय. लग्नाची.”