मोंग्गो म्हणण्याआधी

सोळा ऑगस्टची रात्र. उजाडलं की इंडोनेशियाचा स्वातंत्र्यदिन, म्हणून जावातल्या त्या गल्लीत रिवाजाप्रमाणे भर रस्त्यात चटया अंथरलेल्या. सरपंचांचं भाषण इतकं लांबलं की तेवढ्यात देश आणखी एकदा स्वतंत्र झाला असता. मग भात संपला, कोंबडी संपली, आणि पोरं कास्मिजानकाकांकडे सरकली.

"काका, यंदा लढाई नको हं. भुताचं सांगा."

"भुताचंच सांगतो. आधी मला सांग, कुणाच्या दारात गेलास की काय म्हणतोस?"

"मेसेज टाकतो, बाहेर उभाय म्हणून," रिफ्की म्हणाला.

"तू भुतापासून वाचशील. आम्हाला वळणच वेगळं. दारातल्यानं म्हणायचं 'कुलोनुवून', येऊ का. आतल्यानं म्हणायचं 'मोंग्गो', या की. झोपेतसुद्धा तोंडातून निघतं. आमच्या तार्जोनोच्या निघालं."

तार्जोनो काकांचा वर्गमित्र, सायकली दुरुस्त करायचा. चार वर्षांपूर्वी, अशीच सोळाची रात्र. या रात्री भात डोंगरासारखा रचतात, आणि त्याचं शिखर गल्लीतल्या सगळ्यांत वडील माणसाला द्यायचं असतं. ते माणूस म्हणजे त्याची आई, सातियेम. ऐंशी उलटलेली, आठवडाभर तापानं पडलेली. केळीच्या पानात घास बांधून तो घरी निघाला. बायको कधीच गेली होती. 'जेवलास का रे' विचारणारी आता एवढी एकच उरली होती.

आईनं चार शितं चघळली. "मीठ कमी आहे," म्हणाली.

तार्जोनोला बरं वाटलं. खोड काढतेय, म्हणजे जगतेय. विजेच्या खांबावर पहारेकऱ्यानं अकराचे ठोके दिले. तो पाणी तापवायला वळला.

"कुलोनुवून..."

"मोंग्गो," तो वळून न बघताच म्हणाला.

मग आठवलं. दाराला आतून कडी होती.

आता दार उघडं होतं. उंबऱ्याबाहेर एक माणूस. तिशीचा असेल. नुसत्या बरगड्या, कमरेला गोणपाट. तो कमरेतून खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. हे वाकणं तार्जोनोनं फक्त आईकडून ऐकलं होतं. जपानी शिपाई दिसला की असं वाकायचं, नाहीतर कानशिलात बसायची.

"जपानी गेले का?" त्यानं खालूनच विचारलं.

"गेले... कधीचेच."

"मग डच परत आले असतील."

"आले होते. तेही गेले."

"मग राज्य कुणाचं?"

"आपलं."

गल्लीत पताका फडफडत होत्या.

"आपलं," तो म्हणाला. "मग तिकडे रेल्वेवर आम्हाला सांगायला कुणी आलं कसं नाही?"

तार्जोनोला आता ओळख पटली. आईचा बाप. ती पाच वर्षांची असताना जपान्यांनी रेल्वेच्या कामाला नेलेला. भात कापायच्या आत येतो, म्हणून गेला होता.

"येम जागी आहे ना?"

येम... आईला या नावानं हाक मारणारं कुणी हयात नव्हतं.

"ती आजारी आहे," तार्जोनो म्हणाला. "आज नको. पाया पडतो. पुन्हा कधीतरी या."

"आपणच या म्हणालात."

आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता आलं असतं.

तार्जोनोनं दारात दोन्ही हात पसरले. पाय हलेनात. काखेखालून काहीतरी गार सरकलं.

"आई..."

आतून हसू ऐकू आलं. पाच वर्षांच्या पोरीचं. मग लाडिक तक्रार.

"हळू ना... ओढतंय..."

मग काहीच नाही.

काका थांबले.

"मग?" रिफ्कीनं हळूच विचारलं.

"मग काय. तार्जोनो परत येईना, म्हणून मी बघायला गेलो. दारातच उभा, हात तसेच पसरलेले. मीच खाली घेतले. आत गेलो. म्हातारी गेली होती. चेहरा शांत. आणि पांढऱ्या केसांच्या दोन वेण्या. घट्ट. शाळेतल्या पोरीच्या असतात तशा. तिचे हात तर खांद्याच्या वर जात नव्हते, आणि तार्जोनोला कधी वेणी घालता आली नाही. टोकांना गोणपाटाचा दोरा बांधलेला. प्लास्टिकची पोती आली, तेव्हापासून गावात तसला दोरा कुणी पाहिलेला नाही."