सहाव्या आवृत्तीचे दार

जिन्यावर तिच्या हातातून केबलचे भेंडोळे सुटले आणि गडगडत एका अनोळखी माणसाच्या बुटांशी जाऊन थांबले. त्याने ते नीट गुंडाळून वर आणून दिले. "नेटवर्क इतक्या लांब पसरवू नये," तो गंभीरपणे म्हणाला. ते आठवून ती दिवसभर हसत राहिली...

ती रक्तपेढीचा सर्व्हर सांभाळी. तो पेढीला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीतला अभियंता. पुढे लाइन तपासायला तो वरचेवर येऊ लागला. लाइन ठणठणीत आहे, हे दोघांनाही ठाऊक होते. चहा देणाऱ्या मावशींनाही.

आणि एका सकाळी सर्व्हर कोलमडला. कुणीतरी खोट्या विनंत्यांचा असा लोंढा सोडला होता, की कोणत्या गटाचे रक्त शिल्लक आहे हे विचारणाऱ्या नातेवाइकांना उत्तरच मिळेना. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी दुपारपर्यंतची मुदत दिली. नाहीतर तिने जिवापाड उभी केलेली ही सोय कायमची बंद.

लोंढा अडवण्यासाठी तिने सर्व्हरवर घातलेले नियम चोख होते, तरी तो आत येतच होता. तिने त्या अभियंत्याला बोलावले. नियम वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला.

"हे फक्त जुन्या, चौथ्या आवृत्तीच्या इंटरनेट पत्त्यांसाठी आहेत."

"मग? आपल्याकडे तेच आहेत."

"गेल्या आठवड्यात मी तुमच्या लाइनवर पत्त्यांची नवी, सहावी आवृत्तीही सुरू केली."

सर्व्हरने नवा पत्ता आपणहून घेतला होता. पुढचे दार कडीकुलपात, मागचे सताड उघडे! राग गिळून तिने तेच नियम सहाव्या आवृत्तीसाठी लिहिले. तो शेजारी बसून ओळ न् ओळ पडताळत गेला. पडद्यावरची लोंढा दाखवणारी उंच रेघ हळूहळू खाली बसली.

"आज खरंच काहीतरी बिघडलं होतं वाटतं," कप ठेवता ठेवता मावशी म्हणाल्या आणि निघून गेल्या.

ती त्याच्याकडे वळली. "एक फोन का नाही केलात?"

तो टेबलाची कड नखाने खरवडत राहिला. "फोनवर चटकन सांगून झालं असतं... मला स्वतः यायचं होतं. जिन्यापर्यंत येऊन परतही गेलो. आणखी एक सांगायचं होतं — ते जमेना, म्हणून हेही राहिलं."

"आणखी काय?"

"तुम्ही मला आवडता."

सर्व्हरचे पंखे आता मंदावले होते.

"यापुढे लाइनमध्ये काही बदललंत, तर आधी फोन करायचा," ती करड्या आवाजात म्हणाली. मान डोलावून तो उठला, दारापर्यंत गेला —

"आणि फोन झाला," मागून आलेला आवाज आता मुळीच करडा नव्हता, "की मग यायचंही."