डक्टमधला जबाब

"नमस्कार मित्रांनो! मी संघमित्रा, आणि तुम्ही ऐकताय..."

एवढं बोलून संघमित्राने रेकॉर्डिंग बंद केलं. सकाळपासूनची ही सातवी खेप! 'मित्रांनो' म्हणायला आधी मित्र असावे लागतात, आणि गाडी नेमकी तिथेच अडत होती.

एप्रिलमध्ये ती माहुलहून मुलुंडच्या या सोसायटीत राहायला आली. नवी शाळा जूनमध्ये उघडणार होती, पण शाळेची स्पर्धा मात्र मोबाइलवर आधीच येऊन धडकली होती. दहा मिनिटांचं पॉडकास्ट, त्यात स्वतः रचलेलं एक गाणं, आणि गटात किमान तीन विद्यार्थी! शेवटची तारीख पंचवीस मे. फॉर्मवर पहिल्या ओळीत तिने आपलं नाव लिहिलं होतं. खालच्या दोन ओळी अजून कोऱ्याच होत्या.

तेवढ्यात फोन वाजला. रोज एक वाजता वाजायचा. आई घाटकोपरच्या एका दवाखान्यात नर्स होती. बाबा पवईच्या ऑफिसात इलेक्ट्रिशियन. दोघंही सकाळी आठला जायचे, ते रात्री आठला यायचे.

"जेवलीस का गं? करमतंय ना?"

"हो! एकदम मजेत!" संघमित्रा म्हणाली. फोन ठेवल्यावर घर पुन्हा गप्प झालं. खरं तर तिला अजिबात करमत नव्हतं. पण दमूनभागून येणाऱ्या आईला ते सांगायचं कसं?

बरं, बिल्डिंग तरी भरलेली असावी! तर तेही नाही. समोरच्या बी विंगमधली चौदाच्या चौदा बिऱ्हाडं मालवणी. मे लागला की त्यांचं चित्त मुंबईत थाऱ्यावर राहत नाही. सगळे आंबे-फणस खायला गावी गेले होते. सेक्रेटरी चंद्रप्रकाशकाकांनी लगेच बी विंगची लिफ्ट बंद केली, जिन्याच्या लोखंडी दाराला कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकली. "वीज वाचली, चोरी टळली!" असं ते दिसेल त्याला अडवून सांगत.

पॉडकास्टचा नाद सोडून संघमित्रा स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. ही खिडकी दोन्ही विंगांच्या मधल्या डक्टमध्ये उघडायची. खाली पाइप, वर चौकोनी आभाळ. आवाज मात्र तिथे छान घुमायचा. निदान गाणं तरी होतंय का बघू, म्हणून तिने फोन कट्ट्यावर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि कालच रचलेल्या ओळी म्हटल्या,

"दारांमागे दारं किती, खिडक्या किती वर,
मी बोलते रोज इथे, ऐकतं कोण बरं?"

शेवटी तिचा आवाज भरून आला आणि पुढची ओळ तशीच राहिली. आणि अहो आश्चर्य! वरून कुठून तरी एक कापरा, पण सुरेल आवाज आला,

"आयकणारा आसा कोण तरी, बाये, तू रडा नको,
अर्ध्यार इला गाणां तुझा, आता सोडा नको!"

"कोण आहे? ओ! कोण गायलं?" ती खिडकीतून ओरडली. उत्तर नाही. पुन्हा ओरडली. वर सगळं चिडीचूप!

खाली कंपाउंडमध्ये ए विंगमधली दोन भावंडं, देवेश आणि जान्हवी, तिच्याच नव्या शाळेतली, नेहमी एका स्कूटरवर बसलेली असत. त्यांची आई मूळची मालवणची. पण देवेशचा हात प्लॅस्टरमध्ये होता, म्हणून यंदा आजोळ हुकलं होतं. संघमित्रा महिनाभर त्यांना खिडकीतून बघत होती. आज ती दोनदा जिना उतरली आणि दोनदा परत वर आली. तिसऱ्यांदा मात्र सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"एक ऐकवायचं होतं..." एवढंच बोलून तिने रेकॉर्डिंग लावलं.

"आयला!" देवेश स्कूटरवरून उडालाच. "ही तर डबलबारी!"

"म्हणजे?"

"म्हणजे भजनाचा सामना गं," जान्हवी म्हणाली. "दोन बुवा समोरासमोर बसतात. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जबाब द्यायचा. गप्प बसला तो हरला! तू नकळत सवाल टाकलास ना!"

"पण आवाज वरून, बी विंगच्या बाजूने आला. ती तर रिकामी आहे!"

मग निघाली तिघांची वरात चंद्रप्रकाशकाकांकडे!

"डक्टमध्ये पारवे असतात पारवे!" काका पेपरमधून मान वर न काढता म्हणाले.

"पारवे मालवणी बोलतात, काका?" देवेशने विचारलं.

"ए, जास्त शहाणपणा नको! मे महिन्यात मालवणी माणूस मुंबईत? शक्यच नाय! आणि असल्या रेकॉर्डिंगी मोबाइलवर ढिगाने मिळतात."

"मग किल्ली द्या ना, आम्ही बघून येतो."

"किल्लीसाठी कमिटीची मिटिंग लागते. मिटिंग जूनमध्ये!"

वाट लागली! जून उजाडायला अजून दहा दिवस होते. जिन्यावर बसून तिघांनी डोकं खाजवलं आणि युक्ती सुचली ती संघमित्राला. तोंडात गुळणी धरल्यासारखी गप्प असणारी ही मुलगी एवढं भराभर बोलू शकते, हे देवेशला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी काका तिच्या स्वयंपाकघरात इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. समोर चहा, बाजूला उघडी खिडकी. पॉडकास्टचा विषय होता 'आमची आदर्श सोसायटी'. मुलाखत म्हटल्यावर ते कशाला नाही म्हणतील!

"काका, सोसायटीतल्या म्हाताऱ्या माणसांबद्दल सांगा ना," जान्हवी गोड आवाजात म्हणाली.

"त्यांना मी जातीने बघतो! आमच्याकडे एकही ज्येष्ठ नागरिक एकटा नाही. एकही!"

संघमित्राला हेच हवं होतं. ती खिडकीशी गेली. काल हाक मारल्यावर तो आवाज गप्प झाला होता. आजही तो आलाच नाही तर? तिने डोळे मिटून सूर लावला,

"सवाल माझा ऐका, बुवा, नाव तुमचं सांगा,
कुठल्या माळ्यावरून सोडलात सुरांचा हा धागा?"

क्षण गेला. दोन गेले. काका हसू लागले. आणि तेवढ्यात,

"सातव्या माळ्यार ऱ्हवतंय मी, शेवंती माझा नाव,
गुडघ्यान केल्यान घात गो बाये, लांब ऱ्हवलो गाव!"

काकांनी कप ठेवून खिडकीतून मान बाहेर काढली.

"काका, पारव्याचं नाव शेवंती आहे!" देवेश म्हणाला. "रेकॉर्डिंग चालूच आहे हां!"

मग काय! कुलूप उघडलं, मुलं धाडधाड सात जिने चढली आणि मागून काका धापा टाकत आले. दार उघडलं ते पांढऱ्या केसांच्या, काठी धरलेल्या आजीने. जिना बंद आहे हे त्यांना ठाऊकही नव्हतं. सहा दिवस दूध नव्हतं, भाजी नव्हती. नुसती पेज आणि कुळथाची पिठी!

हळूहळू सगळा घोळ उलगडला. आजींचा मुलगा नितेश शेजारच्या सुंदराबाईंना सांगून गेला होता, "आईकडे लक्ष ठेवा." पण सुंदराबाईंचं वेटिंगवरचं तिकीट अचानक कन्फर्म झालं. निघायच्या गडबडीत त्या आजींना साफ विसरल्या, काकांना "आमची सगळी गेली" म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. काकांनी तर एक दारही न वाजवता कुलूप लावलं.

"पण आजी, काल मी हाक मारली तेव्हा तुम्ही गप्प का झालात?" संघमित्राने विचारलं.

"लोक माझ्या झिलाक, नितेशाक, नावां ठेवतले, म्हणान. पण आज तू सवाल टाकलंस! माझे घोव, नितेशाचे बापूस, डबलबारीचे बुवा होते गो, त्यांचे निम्मे जबाब मीच रचून दिलंय. सवाल इल्यार मी गप कशी ऱ्हवतलंय?"

"आणि नितेशकाकांचा फोन?"

"रोज येता. मी सांगतंय, बरी आसय. वर्साक एकदा जाता पोर गावाक. त्येची सुट्टी कित्याक नासू?"

संघमित्राला एक वाजताचा तिचा स्वतःचा आवाज आठवला. एकदम मजेत! आजी आणि ती, दोघी सारखंच खोटं बोलत होत्या.

"आजी, तुम्ही त्यांना खरं सांगा," ती म्हणाली. "मग मीपण माझ्या आईला खरं सांगते."

आजींनी फोन उचलला आणि नितेशचा नंबर लावला.

रात्रीची बस पकडून नितेश सकाळी हजर झाला आणि आईच्या पायाशी मटकन बसला. चंद्रप्रकाशकाकांनी फलकावर नवा नियम लावला, 'दार वाजवल्याशिवाय कुलूप नाही', आणि खाली सगळ्यांसमोर म्हणाले, "चुकलं माझं. या पोरांनी आज माझे कान टोचले!"

कोऱ्या दोन ओळींवर देवेश आणि जान्हवीची नावं आली आणि पंचवीस तारखेला पॉडकास्ट गेलं. जूनमध्ये मुख्याध्यापिका माधुरीबाईंनी ते भर प्रार्थनेला ऐकवलं. पहिलं बक्षीस! "ही मुलं नुसती बोलली नाहीत, त्यांनी आधी ऐकलं," बाई म्हणाल्या.

पण संघमित्राला सगळ्यात जास्त आठवतो तो मे महिन्यातला, नितेश परत आला तो दिवस. एक वाजता फोन वाजला होता.

"करमतंय ना गं?"

"नाही गं आई," ती म्हणाली होती. "अजिबात नाही करमत."

पलीकडून आई हळूच म्हणाली, "मलापण नाही, बाळा. आज लवकर निघते."

फोन ठेवून संघमित्राने डक्टची खिडकी उघडली. वरून नवा सवाल आला होता आणि जबाब द्यायची पाळी तिची होती.