पुलाखालचे

"डावा डोळा का मिटता हो तुम्ही?"

शिडीवर उभं राहून अक्षराची उभी रेघ ओढत असताना कुणी खालून असा प्रश्न टाकला, की जे व्हायचं तेच झालं. रेघ घसरली. शिंप्याच्या दुकानाच्या नव्याकोऱ्या पाटीला चक्क शेपूट फुटलं!

मी खाली पाहिलं. काचांनी भरलेली पेटी छातीशी धरून एक उंचेला तरुण उभा होता. चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नाही.

"बघा काय केलंत!"

"मी नाही, तुमच्या डाव्या डोळ्यानं केलं. एक डोळा मिटला की अंतराचा अंदाज चुकतो."

"इतकी वर्षं नाही चुकला."

"मग शेपूट...?"

आगाऊ माणूस! काहीतरी झणझणीत बोलायचं मनात होतं, पण तो हसला, आणि माझ्या रागाचं पाणी पाणी झालं. हसताना त्याचे डोळे आधी हसायचे, ओठ मागाहून.

शिंप्याशेजारचा गाळा त्यानं घेतला होता. चष्म्याचं दुकान काढणार होता. काचा घासायला आजोबांनी शिकवलं, म्हणाला. त्यांच्याच हातून दुकान उघडायचं होतं. आणि मग शिडीच्या पायरीवर हात ठेवून, जरा संकोचून म्हणाला, "मलाही एक पाटी हवी आहे."

"काय लिहायचं?"

"'चष्म्याचं दुकान'... आणि वर मोठ्या अक्षरांत आडनाव."

"बरं. कोणतं?"

त्याचं हसू मावळलं. "ते... उद्या सांगतो."

पण तो उद्या काही उजाडेना. मी रोज जायची, पाटीला अस्तराच्या रंगाचा एक हात द्यायची, वाळेपर्यंत थांबायची. थांबायची खरं तर गरज नव्हती. रंग काही कुणी पळवून नेत नाही.

"काय गं," आई एकदा भाजी चिरता चिरता म्हणाली, "त्या चष्मेवाल्याला स्वतःचं आडनाव आठवत नाही की काय?"

"विचार करतायत ते."

"आडनावाचा विचार? अगं, विचार करून माणसं बायको ठरवतात, आडनाव आयतं मिळतं! आणि त्या पाटीला अस्तराचे हात तरी किती देणार आहेस? भिंत झाली असेल तिची एव्हाना."

मी गप्प बसले. रोज सकाळी देवापुढे दिवा लावते, तेव्हा एकच मागणं असतं... आज जिभेवर खोटं येऊ देऊ नकोस. हा नेम मोडायचा नाही, आणि जे खरं ते सांगता येत नाही. मग उरतं ते गप्प बसणं. आईला माझं गप्प बसणं तोंडपाठ आहे.

एका दुपारी त्यानं हट्टानं माझे डोळे तपासले. दुकानात अजून सामान मांडायचं होतं. एक खुर्ची, एक दिवा आणि भिंतीवर टांगलेली अक्षरं. काचेमागून काच बदलत तो अगदी हलक्या आवाजात सांगत होता –

"वर बघा... खाली बघा... आता उजवीकडे... आता माझ्याकडे."

मी पाहिलं. तो काच बदलायचीच विसरला.

"काय दिसलं?" मीच शेवटी विचारलं.

"अं? काही नाही. तुमची तपासणी मघाशीच संपली." तो काचा पुसायला लागला. "ही माझी चालली होती."

माझे कान तापले. नशीब, तेवढ्यात बाहेर सर आली. पाटी उघड्यावर होती! दोघंही धावलो. दोन टोकं दोघांनी धरून तिला आत आणेपर्यंत त्याचे केस भिजून कपाळाला चिकटले होते. पावसामुळे बाहेर पडता येईना. मी खुर्चीवर, तो पेटीवर, आणि मधे ती कोरी पाटी.

"आज सांगा बघू," मी म्हटलं. "आडनाव सांगायला एवढं काय अवघड आहे?"

"तीन आहेत," तो म्हणाला. "म्हणून अवघड आहे."

मग त्यानं सांगितलं. त्याच्या पणजोबांच्या वेळी त्यांची माणसं डोंगर ओलांडून आली. मूळ आडनाव काय होतं, ते आता कुणालाच ठाऊक नाही. ते डोंगरापलीकडेच राहिलं. अलीकडच्या गावानं त्यांना 'डोंगरपल्याडचे' म्हटलं. तिथं दुष्काळ पडला, तशी मंडळी समुद्राकाठी मिठागरात कामाला गेली आणि 'मीठवाले' झाली. मिठागरं बुडाली. मग आजोबा बायको-मुलाला घेऊन या शहरात आले...

तो पाटीची कड नखानं खरवडू लागला.

"आणि?"

"आणि आम्ही झालो 'पुलाखालचे'." त्यानं मान खाली घातली. "पहिला हिवाळा नदीवरच्या पुलाखाली काढला ना. शाळेत मुलं माझ्यामागे ओरडायची – पुलाखालचा, पूर आला, पळ! आजोबा म्हणतात, पाटीवर हेच आडनाव हवं. नसेल तर मी दुकानाची पायरी चढणार नाही. आता तुम्हीच सांगा, पुलाखालच्यांकडून चष्मा कोण घेईल?"

मला हसू आलं नाही. वाटलं, याच्या डोक्यावरून हात फिरवावा. हात ब्रशच्या दांडीवरच घट्ट धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो मला आजोबांकडे घेऊन गेला. "तुम्ही तरी त्यांना समजावा," असं मला बजावून! आजोबा खिडकीपाशी काच घासत बसले होते. माझी बोटं पाहूनच म्हणाले, "रंगवाली का? बस, पोरी. हा तुला माझी तक्रार सांगत असेल."

"तक्रार नाही, आजोबा. पण पुलाखालचेच का? मीठवाले का नको?"

त्यांनी काच उजेडात धरली. "मिठागरवाल्यांनी आम्हाला झोपडीला जागा दिली, म्हणून आम्ही मीठवाले. इथं आलो तेव्हा ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. पहिल्या रात्री थंडीनं पोर निळं पडत चाललेलं. तेवढ्यात पुलावरून कुणीतरी दोरीनं घोंगडी खाली सोडली. वर पाहिलं, तर माणूस दिसेना. दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा. हिवाळाभर कुणी ना कुणी सोडत राहिलं. कुणी विचारलं नाही, तुम्ही कोण, कुठले. पुढं पोराला शाळेत घातलं. गुरुजींनी आडनाव विचारलं. मागून कुणीतरी फिदीफिदी हसत म्हणालं, पुलाखालचे! मी म्हटलं, गुरुजी, हेच लिहा."

"चिडवत होते ना पण ते..."

"चिडवू देत की. मिठागरापासूनची आमच्या घरची रीत आहे, पोरी. जिथं थारा मिळाला, तिथलं नाव लावायचं. कुठून हाकललं ते नाव कशाला मिरवायचं?"

परतताना मी त्याच्याकडे पाहिलं. तो रस्त्यावरचे खडे लाथेनं उडवत चालला होता, पुलाकडे पाठ करून.

दुकान उघडायच्या आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "मीठवाले लिहा."

मी ब्रश खाली ठेवला. "आजोबा?"

"समजतील नंतर. आणि मीठवाले काही खोटं नाही. होतंच ना आमचं?"

"होतं. आता नाही."

"लोक हसतात हो!"

"मी हसले?"

"तुम्ही एकट्या! गिऱ्हाइकांचं काय?"

"आजोबा बाहेर रस्त्यावर उभे राहणार, आणि मी वळणदार अक्षरांत त्यांना नाही म्हणायचं... माझ्या हातून नाही व्हायचं ते."

तो पांढरा पडला. "मग दुसरा रंगारी बघतो."

"बघा!"

मी ताडताड निघाले ती घरी पोचल्यावरच थांबले.

"डबा-ब्रश कुठायत?" आईनं विचारलं.

"राहिले तिथंच."

आईनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "तूही तिथंच राहिलेली दिसतेस."

सकाळी दिव्यापुढे हात जोडले. त्याचं दुकान चांगलं चालू दे, म्हटलं. आणखी एक मागायचं होतं... ते ओठांवर आलंच नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं असेल.

ब्रश आणायला म्हणून गेले. खरंच, ब्रशसाठीच... म्हणजे, ब्रशसाठीही.

दुकानासमोर ही गर्दी! माणसं माना वाकड्या करून वर पाहत होती आणि खदाखदा हसत होती.  मी वाट काढत पुढे गेले, वर पाहिलं...

पुलाखालचे!

काय ती अक्षरं! पहिलं हत्तीएवढं, शेवटचं उंदराएवढं. सगळी ओळ घाट चढावा तशी वर वर गेलेली, आणि 'चष्म्याचं दुकान' कसंबसं कोपऱ्यात अंग चोरून बसलेलं.

"मला वाटलं माझेच डोळे गेले!" शिंपी सांगत होता. "घाबरून, मुहूर्ताचीही वाट न बघता आत जाऊन तपासून आलो. नंबर निघाला की हो!"

त्याच्यामागे आणखी तिघं-चौघं रांगेत होते. रंगवाली आल्याशिवाय मुहूर्त नाही म्हणून फुटपाथवर खुर्ची टाकून आजोबा नव्या सदऱ्यात बसले होते, हसून हसून डोळ्यांतून पाणी गळत होतं. आणि दारात तो... कोपरापर्यंत रंगलेला, माझा ब्रश हातात धरून.

"काल तुम्ही गेल्यावर मीठवाले लिहायलाच बसलो होतो," तो हळूच म्हणाला. "ब्रश टेकवला आणि मनात आलं... आजोबा बाहेर राहिले. तुम्हीही बाहेर राहिलात. मग आत कोण? मी आणि चष्मे?"

मी पुन्हा वर पाहिलं. कसंबसं म्हटलं, "मी... दुरुस्त करून देते पाटी."

"खबरदार, पोरी!" आजोबा गरजले. "हात लावायचा नाही! धंदा जोरात चाललाय."

सगळे हसले. तो मात्र हसला नाही. ब्रश माझ्या हातात देताना त्यानं तो सोडलाच नाही.

"तुमचं आडनाव काय? इतक्या दिवसांत विचारलंच नाही मी."

"कशाला हवंय?"

"नाही, म्हणजे... घरची रीत तुम्ही ऐकलीच आहे. थारा मिळणार असेल तर... लावीन म्हणतो."

शिंप्याच्या दुकानातलं शिलाईयंत्र थांबलं. रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या. एवढ्या लोकांसमोर काय बोलावं? गप्प बसायचीही आता सोय नव्हती.

"थारा आहे," मी म्हटलं. "कधीचाच आहे. पण माझं आडनाव लावायचं नाही."

त्याचा चेहरा उतरला. "का?"

"तुमचं मी लावणार. रंगवायला मिळालं नाही... निदान लावायला तरी मिळू दे!"

आधी त्याचे डोळे हसले, मग ओठ.  एका दांडीवर दोघांची बोटं, ओला रंग या हातावरून त्या हातावर.

आजोबा खुर्चीतून उठले. "ऐकलंस ना रे? पोरगी चौथं आडनाव नको म्हणते. म्हणजे आता इथून हलायचं नाही कुणी."

आणि आपली खुर्ची स्वतःच उचलून ते दुकानाची पायरी चढले.