पहिल्या हाकेला ओ

जसुलीच्या पत्राला लोकमणी उप्रेतींनी उत्तर दिले नव्हते. पत्र फाल्गुनात हल्द्वानीहून आले होते. जसुली म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची, घनानंदची बायको; घनानंद त्यांना दाज्यू, म्हणजे थोरला भाऊ, म्हणे. लग्नानंतर क्वचितच भेटलेली. तिने थोडक्यातच लिहिले होते : 'दाज्यूंकडे अल्मोड्याला जातो म्हणून हे निघाले, ते परत आले नाहीत. तुमच्याकडे पोहोचले का? हो की नाही एवढेच कळवा. गळ्यातली काळी पोत ठेवायची की उतरवायची, असे लोक मला विचारतात. मुलगी रोज रस्त्याकडे बघत बसते.'

घनानंद आला नव्हता. पण 'नाही' एवढा शब्द लिहायला लोकमणींचा हात धजेना. हयात शाळेच्या ग्रंथालयात दुसऱ्यांनी लिहिलेले जपण्यात गेलेली. स्वतःचे वाक्य त्यांना नेहमीच चुकलेले वाटे. ती पुन्हा लिहील, तेव्हा बघू, असे म्हणत ते थांबले. तिने पुन्हा लिहिले नाही.

कार्तिकातल्या एका सकाळी ते ओसरीवर पुस्तक घेऊन बसले होते. खाली कोसीच्या दरीत धुके काठोकाठ भरले होते. चहा निवत होता. पायऱ्यांच्या तळाकडून हाक आली.

"दाज्यू."

"ओ," ते म्हणाले, आणि लगेच जीभ चावली.

डोंगरात पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही. जिवंत माणूस तीनदा हाक मारतो. दुसरे जे काही असेल ते एकदाच मारते. ही शिकवण तिथल्या पोराला आईच्या दुधाबरोबर मिळते. लोकमणींनी ती सदैव पाळली होती. आज पुस्तकाने घात केला.

धुक्यातून घनानंद वर आला. डोक्यावर काळी टोपी, अंगात करडी बंडी. डाव्या भुवईवर ती जुनी खोक. ती पाहिली आणि लोकमणींचा जीव भांड्यात पडला.

"होतास कुठे इतके महिने?"

"फिरत होतो." तो ओसरीच्या कडेवर टेकला. "दाज्यू, आज मला अल्मोडा दाखवा. सगळा."

"इथे जन्मलास, इथे नाक पुसायला शिकलास. तुला काय अल्मोडा दाखवायचा?"

"तुम्ही दाखवा तर खरं."

ते निघाले. बाजारातल्या फरशांवर दव होते. घनानंद अर्धे पाऊल मागे राहून चालत होता. लोकमणी सांगत, हे जोशींचे घर, इथे चुलत्याचे दुकान होते, ही नंदादेवीच्या देवळाची वाट. आणि तो "हो, हो" म्हणे. पण घराकडे बघत नसे. लोकमणींच्या तोंडाकडे बघे. कोपऱ्यावरच्या लाकडी नक्षीच्या घराचे नाव लोकमणींना आठवेना.

"कुणाचं रे हे?"

"तेच तर," तो म्हणाला. "जिभेवर आहे अगदी."

चितईच्या देवळात हजारो घंटा टांगलेल्या होत्या. वारा सुटला की त्यांचा एकच दाट नाद उठे. देवळामागे उत्तरेला त्रिशूळ शिखर उघडे पडले होते, पांढरेशुभ्र. लोकमणींनी सहज बोलल्यासारखे विचारले, "घना, तुझ्या पोरीचं नाव काय ठेवलंस?"

जसुलीने पत्रात नाव लिहिले नव्हते. लोकमणींनी कधी विचारलेही नव्हते.

घनानंद हसला. "नुसतं मुलगी असंच लिहिलंय ना तिने?"

पत्राचा विषय लोकमणींनी काढलाच नव्हता. पत्र घरात, ट्रंकेच्या तळाशी होते.

"बापाला पोरीचं नाव ठाऊक नसतं का?"

"तुम्हाला ठाऊक असतं तर मलाही असतं, दाज्यू," तो साधेपणाने म्हणाला.

परतताना लोकमणींनी त्याला मुद्दामच खडकसिंगच्या मिठाईच्या दुकानात नेले. खडकसिंग घनानंदचा लहानपणचा सवंगडी. गावात त्याच्याइतके तोंडाळ कोणी नव्हते. घनानंद दुकानाबाहेरच्या नळावर, पाठ करून, हात धूत उभा राहिला.

"घना आला म्हणायचा," खडकसिंग पानात सिंगौडी, ती खव्याची मिठाई, ठेवत म्हणाला. "हल्द्वानीचं वारं लागलं की माणूस मित्राला विसरतो. पण मला नाही विसरायचा. आरशात बघेल तेव्हा शिव्या घालेल. मीच ढकललं होतं त्याला पाणवठ्यावर."

"हो. डाव्या भुवईवर खोक पडली होती."

"डावी कुठली, पंडितज्यू? उजवी. तुमच्या मातोश्रींनी माझा उजवा कान पिळला होता त्यापायी. म्हणाल्या, जिथलं तिथे. अजून कमी ऐकू येतं त्या कानाने."

लोकमणींच्या हातातले पान तसेच राहिले. आपल्याला डावी आठवत होती. सकाळी डावीच पाहिली होती.

नळ बंद झाला. घनानंद वळून आत आला, तोंडावरचे पाणी निथळत.

"ही बघा," खडकसिंग म्हणाला. "उजवी."

खोक उजव्या भुवईवर होती. डावी भुवई सबंध, दाट, जणू तिथे कधी काही नव्हतेच.

"काय झालं, दाज्यू?"

"काही नाही. ऊन लागलं."

तो गोड खात होता. एकाएकी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला, "जसुलीला बोलावून घ्या ना. पोरीलाही. त्या आल्या की मला सगळं येईल."

'आठवेल' म्हणाला नाही तो. 'येईल' म्हणाला.

लोकमणी उठले. पोस्ट जवळच होते. त्यांनी अंतर्देशीय पत्र घेतले आणि तिथल्या उतरत्या मेजावर लिहायला बसले. घनानंद बाहेर देवदाराखाली थांबला, रस्त्याकडे तोंड करून.

आयुष्यात प्रथमच त्यांनी खाडाखोड न करता लिहिले.

'जसुली, घनानंद इथे आलेला नाही. तू येऊ नकोस. मुलीला पाठवू नकोस. माझ्या नावाने निरोप आला, तरी येऊ नकोस. पोतीचे काय करायचे ते तुझे तू ठरव, लोकांना विचारू नकोस. उत्तराला फार उशीर झाला.'

आणखी एक वाक्य मनात आले होते. ते त्यांनी लिहिले नाही. कडा चिकटवल्या, पत्ता घातला, बाहेर आले.

पेटी देवदाराच्या खोडाला लागूनच होती. घनानंद वळला नाही. त्याच्या आवाजात राग नव्हता.

"येऊ नकोस म्हणालात. बरं."

लोकमणींनी पत्र फटीत धरले. बोटे सुटत नव्हती.

"आणि ते शेवटचं लिहिलं नाहीत, दाज्यू. 'हा गेला तर मला करमणार नाही', ते."

पत्र आत पडले.