लपवलेली साखर

विहीणबाईंनी आग्रहानं हातात दिलेला चहा मालतीबाईंच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून घळकन पातळावर सांडला… आणि साखरपुड्याला जमलेल्या साऱ्यांच्या माना वळल्या!

"माय! तुन्हं तोंड वाकडं व्हयनं वं!" वर्षा किंचाळली.

मालतीबाईंनी गाल चाचपला. गाल आपला वाटेचना! डावा डोळा मिटू म्हटलं तर मिटेना! बरेच दिवस कान ठणकत होता, उशी ओली करीत होता. "थंडीनं दुखस," म्हणून त्यांनी लेकीला उडवून लावलं होतं. बमरोली वस्तीतल्या दोन खोल्यांत, नवऱ्यामागे साड्यांना टिकल्या लावून वाढवलेल्या या एकुलत्या लेकीच्या सुखाआड त्यांना आपलं दुखणं येऊ द्यायचं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासण्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"कानाच्या नळीतला जंतू हाडात उतरलाय. चेहऱ्याची नसही त्यानंच धरलीय. आणि साखर केवढी ही! इन्सुलिन घेत नाही का?"

"माय घेते ना, रोज घेते!" वर्षा म्हणाली.

मालतीबाईंनी मान खाली घातली. "सोयरीक निघाली तवाच सोडी दिधं…"

वर्षानं आईचा हात धरला. "काबरं, माय? काबरं?"

"मायला साखर म्हणजे पोरीलाही होणार, असं कोणी बोललं असतं… तुझं जमलेलं मोडलं असतं गं!"

"साखर ताब्यात असती तर बहुधा इतकं पसरलं नसतं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "आता औषध खूप दिवस चालेल. पण साखर आवरली नाही, तर नुसतं औषध पुरं पडायचं नाही. जिवावरही बेतू शकतं."

दाराशी विहीणबाई धुरपदाबाई उभ्या होत्या. त्यांनी सारं ऐकलं होतं! मालतीबाईंनी हात जोडले. "माझ्या पोरीला टाकू नका हो…"

धुरपदाबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

"कोणाला हात जोडता, विहीणबाई? मी स्वतः कितीक वर्षं इन्सुलिन टोचते! तुम्ही मुलगी देणार नाही, म्हणून माझ्या लेकाला, गोपालला, बजावलं होतं, एक शब्द काढू नको… तुम्ही माझ्या भीतीनं मरायला निघालात, आणि मी तुमच्या भीतीनं लपत होते!"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून ढसाढसा रडल्या.

लग्न पुढं ढकललं. रोज सलाईनमधून औषध, रोज साखरेची तपासणी… साखर हळूहळू उतरली, तसा औषधाला जोर आला, कानाचा ठणका ओसरला. जीव वाचला. पण चेहऱ्याची डावी बाजू पुरती सावरली नाही, ती नाहीच!

लग्नाच्या दिवशी पंगत बसली. भर मांडवात, साऱ्या सोयऱ्यांदेखत, मालतीबाईंनी जेवणाआधीची इन्सुलिनची सुई काढली आणि पोटाशी पातळ थोडं सरकवलं. कोणीतरी बाई कुजबुजली. नववधू वर्षा उठली, आईच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं स्वतःच्या हातानं आईला इंजेक्शन दिलं.

"आता जेव, माय," ती म्हणाली.