या जेवायला

माझ्या नवऱ्याला एक खोड आहे. तोंडात घास असताना समोरून कोणीही गेलं, की हा म्हणणार, "या जेवायला." आपण सगळेच म्हणतो, मान्य आहे. पण आपण माणूस बघून म्हणतो. हेमंत सिलिंडरवाल्याला म्हणतो, फोनवर विमा विकणाऱ्या मुलीला म्हणतो, एकदा तर टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्याला म्हणाला होता. खोडाळ्याच्या बाजारात त्याच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. दुपारी ते गल्ल्यामागेच डबा उघडायचे आणि येईल त्या गिऱ्हाइकाला बोलवायचे, तिथून हे आलंय. समोरचा "होऊ द्या, होऊ द्या" म्हणतो आणि आपल्या वाटेने जातो, म्हणून निभतं. नाहीतर माझ्या पोळ्या कधीच पुरल्या नसत्या.

आम्ही मोखाड्याला राहतो. मी शाळेत विज्ञान शिकवते, हेमंत एका कचेरीत कारकून आहे. गेल्या नोव्हेंबरात त्याचा कॉलेजातला मित्र तन्मय बायकोला, किमयाला घेऊन ठाण्याहून आला. शनिवार होता, शाळा सकाळची. मी पहाटे उठून वालाची उसळ करून ठेवली होती. पण घरात पाऊल टाकल्या टाकल्या किमया म्हणाली, "वहिनी, आज तुम्हाला सुट्टी. जव्हारला मस्त इटालियन झालंय, टेबल बुक केलंय." उसळीचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. माझं डोकं तिथेच फिरलं होतं, हे कबूल करते.

जागा मात्र छान होती. जव्हारच्या बाहेर, कड्याच्या टोकावर. पांढऱ्या भिंती, टेबलावर कडक इस्त्रीचे कापडी रुमाल, आणि दरीकडची अख्खी बाजू काचेची. काचेपलीकडे गच्ची नव्हती की कठडा नव्हता. सरळ कडा होता आणि खोल खाली भात कापून झालेली खाचरं. वाढपाचं काम पाहणाऱ्या बाई पोशेऱ्याच्या होत्या, जयवंतीबाई. बारा वर्षं ठाण्याच्या हॉटेलांत काढून गावाकडे परतलेल्या.

मेनूतलं एकही नाव हेमंतला वाचता येईना आणि तन्मयला त्याचा कोण आनंद. "रिसोट्टो घे. भातच असतो."

"मग भात म्हणायला काय होतं यांना?" हेमंत म्हणाला.

भात यायला पाऊण तास लागला. एक वाजून गेला होता. मध्ये मोठं पसरट भांडं, चौघांच्या पुढ्यात चार प्लेट. किमयाचे फोटो काढून होईपर्यंत आम्ही हात आवरून बसलो. मग कुठे हेमंतने पहिला चमचा तोंडात घातला. मान वर केली, काचेकडे बघून हसला आणि म्हणाला, "या, जेवायला या."

मी कपाळाला हात लावला. "आता कोणाला?"

"ते काय, काका उभे आहेत."

मी वळून पाहिलं. काचेपलीकडे फक्त दरी होती. आतल्या कोणाचं प्रतिबिंब असणार, असं मी म्हणाले. पण बाहेर लख्ख ऊन असताना काचेत आतलं असं दिसत नाही, हे मीच सातवीच्या वर्गाला शिकवते.

"गेले," हेमंत म्हणाला. मग जरा थांबून, "नाही. हो म्हणाले."

तन्मय खो खो हसला. तेवढ्यात जयवंतीबाई पाचवी खुर्ची घेऊन आल्या. हेमंतच्या शेजारी, काचेच्या बाजूला त्यांनी ती ठेवली आणि पुढ्यात प्लेट मांडली.

"अहो बाई, आम्ही चारच आहोत," मी म्हणाले.

"हाक कोणी मारली?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे न बघता.

"यांना सवय आहे तशी. ते उचला आधी."

"आता नाय उचलायचं. मांडलंय. जेवून जातील." आणि त्या निघून गेल्या.

मला विलक्षण संताप आला. एवढं चकचकीत हॉटेल आणि गिऱ्हाइकाचं ऐकायची पद्धत नाही. त्यात माझा नवरा त्या पाचव्या प्लेटीत भात वाढत होता. चांगला डावभर वाढला, वर लोणी सोडलं.

"हेमंत, पुरे झाला चावटपणा."

"पाहुणे आहेत गं," तो हळू आवाजात म्हणाला. घरी पाहुण्यांसमोर मला गप्प करायचा त्याचा जो आवाज आहे ना, तोच.

किमयाचा काटा खाली पडला. तो उचलायला मी वाकले, एवढंच. वर आले तेव्हा त्या प्लेटीतला भात अर्धा झाला होता. उरलेल्यात चार बोटं ओढल्याच्या खुणा होत्या. आमच्या सगळ्यांच्या हातात काटेचमचे होते.

त्यानंतर तन्मय हसला नाही. त्याने बिल मागवलं.

निघताना मी पाहिलं, प्लेट निपटून पुसलेली होती. हेमंतनेच खाल्लं असणार, मला डिवचायला, असं मी ठरवून टाकलं. तो मात्र रिकाम्या खुर्चीपुढे हात जोडून उभा होता, मान थोडी कललेली. मग म्हणाला, "येईन की. नक्की येईन."

दारात जयवंतीबाई होत्या. "साहेब काय म्हणाले त्यांना?"

"येईन म्हणाले," मी वैतागून सांगितलं.

बाईंनी पदराने तोंड पुसलं. "नुसतं होऊ द्या म्हणायचं, बाई. सुटले असते."

गाडीत मी हेमंतला विचारलं, कुठे येईन म्हणालास? तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "त्यांनी बोलावलंय जेवायला. सोमवारपासून."

सोमवारी डबा भरलेला परत आला. मंगळवारीही. "जेवून झालंय माझं," एवढंच उत्तर. रात्री ताटावर बसायचा, दोन घास चिवडायचा आणि उठायचा. मी भांडले. कोण सुगरण भेटलीय, तेही विचारून घेतलं. पंधरा दिवसांत त्याच्या पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली आणि माझं भांडण घशातच राहिलं. डिसेंबर संपता संपता चौऱ्याहत्तर किलोचा माणूस एकसष्टवर आला. जव्हारच्या डॉक्टरांनी नाशिकला पाठवलं. सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, जेवत जा. हेमंत म्हणाला, पोटभर जेवतो.

त्याच्या कचेरीतल्या हरिभाऊंना मी फोन केला. कुठे जातो हा दुपारी?

"कुठंच जात नाहीत, वहिनी. एक वाजता टेबलाशीच बसतात, भिंतीकडं तोंड करून. डबा उघडत नाहीत. पण जेवतात. म्हणजे हात चालतो, तोंड चालतं. अर्धा तास. मग उठून आंचवतात. परवा मलाही म्हणाले, या जेवायला."

"मग?"

"मी म्हटलं, होऊ द्या."

पुढच्या रविवारी मी त्याला घराबाहेर पडू दिलं नाही. मोबाइल काढून घेतला, दाराला आतून कुलूप घातलं. भात, वरण, वांग्याची भाजी केली, नागलीच्या भाकरी भाजल्या. मी स्वतः सकाळपासून एका चहावर होते. म्हटलं, आज हा जेवेल तेव्हाच जेवीन. पावणेएकला त्याला पाटावर बसवलं आणि त्याचा हात धरला. मनगटाची दोन्ही हाडं माझ्या मुठीत आली. मला रडूच फुटलं.

"हेमंत, त्यांना सांग. होऊ द्या म्हणून सांग. दोनच शब्द आहेत रे."

"आता कसं सांगू? त्यांचं मीठ खाल्लंय."

"माझंही खाल्लंयस. बारा वर्षं."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ओठ हलले. "होऊ..." म्हणाला.

घड्याळात एक वाजला.

त्याचा हात माझ्या मुठीतून सुटला. ताटाकडे गेला नाही. ताटाच्या पलीकडे, फरशीच्या वीतभर वर गेला. बोटांनी कालवलं, घास केला, तोंडात घातला.

मी त्याच्या पुढ्यात हात आडवा धरला. तिथे काहीच लागलं नाही. फक्त जरा ऊब होती.

अर्धा तास तो जेवला. मध्येच कोणाला तरी नको म्हणत पुढ्यात हात धरला, मग संकोचून हसला आणि आणखी वाढून घेतलं.

शेवटी उठला, मोरीत हात धुतला, माझ्या पदराला पुसला.

"तुझी चौकशी करत होते," तो म्हणाला. "रोज एकट्यानेच काय येतोस, म्हणाले. किती दिवस टाळायचं? बरं दिसत नाही. मी आजपासून दोघांचं हो सांगितलं."

त्याच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं, आणि मला ढेकर आला.